एकाच ट्रकचे दोन निकाल: सोलापूरजवळच्या डांबरी मिश्रणाचे एक प्रकरण

सकाळी सव्वादहाला प्लांटवरून निघालेल्या ट्रकमधला माल प्लांटच्याच प्रयोगशाळेने तपासला. मार्शल स्टॅबिलिटी, म्हणजे ६० अंशांवर मिश्रणाचा नमुना मोडेपर्यंत घेतो तो भार, आली ८.१ किलोन्यूटन. त्याच ट्रकमधला थोडा माल गोणीत भरून सोलापूर शहरातल्या एका प्रयोगशाळेकडे पाठवला होता. दोन दिवसांनी तिचा अहवाल आला, त्यात १३.८ किलोन्यूटन. अट किमान ९ ची. म्हणजे एका कागदावर माल नापास, दुसऱ्यावर भरघोस गुणांनी पास. कंत्राटदाराने दुसरा कागद पुढे केला, देखरेखीच्या अभियंत्याने पहिला सोडला नाही, आणि मधल्या मध्ये डांबरी माल पसरणारे यंत्र, पेव्हर, दोन दिवस उभे राहिले.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. चाचण्यांचे आकडे कोणा एका कामाच्या नोंदवहीतले नाहीत, पण ते एकमेकांशी हिशेबाने जुळतात. कॅल्क्युलेटर घेऊन वाचले तरी चालेल. मोर्थच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांच्या, पाचव्या आवृत्तीतल्या (२०१३) अटी आणि चाचण्यांच्या पद्धती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

काम आणि मिश्रण

सोलापूर जिल्ह्यातला साडेपाच मीटर रुंदीचा रस्ता. वरचा थर ४० मिमी बिटुमिनस काँक्रीट, ग्रेडिंग २. महिना ऑक्टोबर: पाऊस नुकताच उघडलेला आणि गाळप हंगाम तोंडावर. उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्याआधी थर पडायला हवा, ही घाई या भागातल्या प्रत्येक कामाला असते. इथला पाऊस वर्षाच्या हिशेबाने थोडाच, पण त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. पुढे हा सप्टेंबरचा ओलावाच नडला.

खडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. डांबर व्हीजी-३०. जॉब मिक्समध्ये, म्हणजे या कामासाठी ठरवलेल्या मिश्रणात, १२ मिमी खडी २८ टक्के, ६ मिमी २४ टक्के, क्रशरची डस्ट ४६ टक्के आणि हायड्रेटेड चुना २ टक्के. डांबर एकूण मिश्रणाच्या ५.२ टक्के.

ग्रेडिंग २ ला मोर्थमध्ये किमान डांबर ५.४ टक्के लिहिलेले आहे, मग इथे ५.२ कसे, अशी शंका तपासणीत हमखास निघते. उत्तर त्याच तक्त्याच्या तळटीपेत आहे. ५.४ हा आकडा २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या खडीसाठी आहे. खडी जड असेल तर डांबराचे प्रमाण त्या पटीत कमी धरता येते. या मिश्रणातल्या खडीचे एकत्रित गुरुत्व २.८५३. ५.४ ला २.७ ने गुणून २.८५३ ने भागले की किमान ५.११ येते. जड दगडाचे तेवढेच वजन कमी जागा व्यापते, त्याचा एकूण पृष्ठभागही कमी भरतो, म्हणून डांबर कमी पुरते. दगडाचे हे जडपण लक्षात राहू द्या. प्लांटवरच्या प्रयोगशाळेची पहिली चूक तिथेच आहे.

डिझाइनच्या वेळचे आकडे असे: सुट्या मिश्रणाची कमाल सैद्धांतिक घनता, म्हणजे जीएमएम, २.६५०; मोल्डची, म्हणजे साच्यात ठोकून केलेल्या नमुन्याची, घनता २.५४४, पोकळी ४ टक्के, व्हीएमए (खडीच्या मधली एकूण जागा) १५.५ टक्के, त्यातली डांबराने भरलेली ७४ टक्के, स्टॅबिलिटी १३.१ किलोन्यूटन, फ्लो (मोडेपर्यंत नमुना दबतो ते अंतर) ३.२ मिमी. डिझाइनच्या फाइलमध्ये आणखी एक ओळ होती, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही: चुना न घालता टीएसआर (भिजवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किती टक्के उरते ते) ७१ टक्के, २ टक्के चुना घालून ८६.

दोन अहवाल शेजारी ठेवले तर

| | प्लांट | शहर |
|---|---|---|
| मोल्डचे वजन | ११९८ ग्रॅम | १३१० ग्रॅम |
| उंची | ५९ मिमी | ६३.५ मिमी |
| घनता | २.५०६ | २.५४८ |
| स्टॅबिलिटी, सरासरी | ८.१ | १३.८ |
| फ्लो | ४.१ मिमी | २.३ मिमी |

नजर आधी स्टॅबिलिटीच्या ओळीवर जाते. पण प्रकरण उलगडते ते बाकीच्या चार ओळींवरून. मोल्डचे वजन वेगळे, उंची वेगळी, घनता वेगळी. माल एकच असला तरी प्रेसखाली गेलेल्या वस्तू दोन निराळ्या होत्या.

प्लांटचे ८.१

मार्शलचा मोल्ड १०१.६ मिमी व्यासाचा, ६३.५ मिमी उंचीचा. त्याचे घनफळ सुमारे ५१४ घनसेंमी. "बाराशे ग्रॅम घ्या" हा प्रयोगशाळांमधला पाठ २.३५ च्या आसपास घनता असलेल्या मिश्रणांवरून आलेला आहे. तिथे ५१४ गुणिले २.३५ म्हणजे १२०८ ग्रॅम होतात. आपल्या बेसॉल्टच्या मिश्रणाची घनता २.५४. त्याला १३०० ते १३१० ग्रॅम लागतात. शिवाय पुस्तकातले १२०० ग्रॅम हे खडीचे वजन असते, डांबर त्यावर वेगळे. प्लांटवरच्या मुलाने तयार मिश्रणच १२०० ग्रॅम तोलले. मोल्ड बुटके झाले.

बुटका मोल्ड कमी भार घेतो, म्हणून उंचीचा किंवा घनफळाचा गुणक लावायचा असतो. ५०९ ते ५२२ घनसेंमीला गुणक १.००, ४९६ ते ५०८ ला १.०४, ४८३ ते ४९५ ला १.०९, ४७१ ते ४८२ ला १.१४. प्लांटच्या मोल्डचे घनफळ ४७८, म्हणजे गुणक १.१४. नोंदवहीत गुणकाचा रकाना छापलेला होता आणि त्यात तिन्ही ठिकाणी "१" लिहिलेला होता. दुरुस्ती केल्यावर सरासरी ८.१ ची ९.२ झाली. एवढ्यानेच स्टॅबिलिटी कागदोपत्री पास.

इथेच थांबावे असा आग्रह झाला. अभियंता थांबला नाही, कारण तीन मोल्डचे सुटे आकडे काही वेगळेच सांगत होते. फोडण्याच्या क्रमाने ते ८.४, ८.१, ७.७ असे होते. मोल्डमोल्डमध्ये फरक पडतोच, पण तो असा पायऱ्या उतरत पडला की कारण बहुधा वेळेत असते. चौकशीत कळले की तिन्ही मोल्ड वॉटर बाथमध्ये एकदमच सोडले होते. पहिला ३२ मिनिटांनी काढला, दुसरा ४१ आणि तिसरा ५३ मिनिटांनी, कारण मधे फ्लोमीटरचा काटा अडकला होता. मुदत ३० ते ४० मिनिटांची आहे. मोल्ड दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आत सोडायचे, म्हणजे प्रत्येकाला सारखी ऊब मिळते. बाथमधून काढल्यापासून भार शिखराला पोचेपर्यंत ३० सेकंदांत काम उरकायचे.

बाथचा थर्मामीटर ६० दाखवत होता. पण तो वरच्या पाण्यात टांगलेला. तळाशी मोजले तर ६३. मोल्ड तळापासून सुमारे ५० मिमी वर, छिद्रांच्या जाळीवर ठेवायचे असतात. ती जाळी गंजली म्हणून काढून टाकली होती आणि मोल्ड थेट हीटरच्या वरच्या पत्र्यावर बसत होते. डांबराला ६० आणि ६३ अंश सारखे नसतात. या तापमानाला व्हीजी-३० मऊ पडत चाललेले असते, तीन अंशांनी स्टॅबिलिटी खाली येते आणि फ्लो वर सरकतो. प्लांटचा फ्लो ४.१ होता आणि अट २ ते ४ ची, म्हणजे फ्लोनेही तेच सांगितले होते.

तिसरी गोष्ट घनतेची. २.५०६ ही घनता डिझाइनपेक्षा बरीच कमी. ठोके मोजून ७५-७५ दिलेले, हातोडा ४.५४ किलोचा, पडण्याची उंची ४५७ मिमी, त्यात खोट नाही. खोट तापमानात. ट्रकमध्ये माल १५६ अंशांवर होता. बादली उघडी ठेवून तो प्रयोगशाळेपर्यंत आला, मग थंड साच्यात, थंड बेसप्लेटवर भरला गेला. पहिला ठोका पडला तेव्हा मालाचे तापमान ११८ होते. या डांबराच्या स्निग्धतेच्या आलेखावरून ठोकण्याचे तापमान १४० ते १४५ निघत होते. थंड मालात खडी एकमेकींवरून सरकत नाही. मग ठोके कितीही दिले तरी पोकळी राहते.

भार मोजणाऱ्या प्रूव्हिंग रिंगचे कॅलिब्रेशन चालू मुदतीतले निघाले. मोल्ड ज्या जबड्यात दाबतात त्या ब्रेकिंग हेडच्या दांड्यांवर गंज होता, तो पुसून तेल लावले. असा गंज भार वाढवून दाखवतो, म्हणजे इथे तो कमी आकड्याचे कारण असूच शकत नव्हता. हेड खिडकीतल्या उन्हात ठेवायचीही सवय होती. ते साधारण २० ते ४० अंशांत असावे लागते आणि सोलापूरच्या उन्हातले लोखंड ऑक्टोबरातही ती हद्द ओलांडते.

शहरातले १३.८

शहरातल्या प्रयोगशाळेने वजन, उंची, बाथ सगळे बरोबर केले होते, त्यामुळे तिच्या आकड्यावर विश्वास बसणे सोपे. पण माल तिथे पोचला तेव्हा गोणीत दगड झालेला होता. तो फोडून उघड्या ट्रेमध्ये पसरला आणि १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून दिला, सकाळी मोल्ड पाडले.

एवढ्या वेळात खडीभोवतीचा डांबराचा पातळ थर हवेशी संयोग पावून कडक होतो. अशा डांबराच्या मोल्डची स्टॅबिलिटी वाढते आणि फ्लो घटतो. १३.८ ला २.३ ने भागले की मार्शल क्वोशंट ६.० येतो. मोर्थची मर्यादा साध्या डांबराला २ ते ५. अहवालात हा भागाकार केलेलाच नव्हता. स्टॅबिलिटी पास, फ्लो पास, खाली सही. क्वोशंट काढला असता तर हाच अहवाल नापास ठरला असता.

गार झालेला माल पुन्हा तापवणे टाळता येत नसेल तर झाकलेल्या भांड्यात, गोळे सुटतील इतपतच ऊब द्यावी, मग चाळवून मोल्डच्या वजनाचे वाटे करून प्रत्येक वाटा ठोकण्याच्या तापमानाला येताच भरावा. आणि अहवालात "पुन्हा तापवलेला नमुना" असे लिहावे. प्लांटचे आकडे आणि असे आकडे एका रकान्यात तोलू नयेत.

तिसऱ्यांदा मोल्ड

दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर प्लांट पुन्हा सुरू केला आणि ताज्या ट्रकमधला माल घेतला. ट्रकच्या ढिगाच्या टोकावरून नाही. टोकावरून जाड खडी घरंगळते. वरचा थर बाजूला सारून तीन ठिकाणांहून फावड्याने माल घेतला, झाकणाच्या डब्यात भरला. साचे, बेसप्लेट आणि कॉलर आधीच ओव्हनमध्ये. १३०० ग्रॅमचे वाटे, ठोकताना १४२ अंश, बाथमध्ये जाळी पुन्हा बसवलेली, मोल्ड अंतराने सोडलेले.

निकाल: १०.६, ११.१, १०.८. सरासरी १०.८ किलोन्यूटन, फ्लो ३.४, क्वोशंट ३.२. घनता २.५२८.

सगळ्या अटी पुऱ्या. पण डिझाइनच्या १३.१ पेक्षा सव्वादोन किलोन्यूटन कमी, आणि या वेळी पद्धतीत बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे उरलेला फरक मालातच. हा मुद्दा बैठकीत पटवणे जड गेले, कारण पास झालेल्या मालाची चौकशी कशाला, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो.

त्याच मालाचा जीएमएम नव्याने काढला: २.६५८. प्लांटवर आतापर्यंत डिझाइनचा २.६५० हाच आकडा रोज उतरवून घेतला जात होता. जुना आकडा धरून पोकळी ४.६ टक्के, नवा धरून ४.९. दोन्ही ३ ते ५ च्या आत, पण दुसरी अगदी काठावर. मोर्थमध्ये मार्शलबरोबर त्या दिवसाचा जीएमएम काढणे अपेक्षित आहे ते याचसाठी.

जीएमएम वाढला म्हणजे मालातले काहीतरी हलके कमी झाले असावे. या मिश्रणात खनिजांपैकी सर्वांत हलका चुना, गुरुत्व २.३. अर्थात ०.००८ चा फरक या चाचणीच्या स्वतःच्या चढउतारातही बसतो, त्यामुळे तेवढ्यावर कोणाला धरता येत नाही. खूण म्हणून पुरेशी.

डांबर काढून पाहिले

पंधराशे ग्रॅम माल सेंट्रिफ्यूजच्या भांड्यात घेऊन ट्रायक्लोरोइथिलीनने धुतला. पहिला हिशेब: डांबर ५.६ टक्के, ७५ मायक्रॉनखालची भुकटी ४.० टक्के. डांबर ठरलेल्या ५.२ पेक्षा ०.४ ने जास्त आणि सवलत ०.३ ची, म्हणजे डांबर जास्त झाले म्हणून स्टॅबिलिटी उतरली, असा निष्कर्ष लगेच तयार झाला.

तो चुकीचा होता. सेंट्रिफ्यूजच्या फिल्टर पेपरमधून थोडी बारीक भुकटी द्रावणाबरोबर निसटतेच. ती मोजली नाही तर तिचे वजन डांबराच्या खात्यात जमा होते आणि भुकटीच्या खात्यातून वजा होते, दुहेरी चूक. द्रावणाचा ठरावीक भाग जाळून राख तोलली, तिच्या हिशेबाने द्रावणात ४.५ ग्रॅम भुकटी निघाली. दुरुस्तीनंतर डांबर ७९.५ ग्रॅम, म्हणजे ५.३ टक्के, सवलतीत. भुकटी ४.३ टक्के.

आता या ४.३ कडे दोन नजरांनी पाहता येते. ग्रेडिंग २ चा पट्टा ७५ मायक्रॉनला ४ ते १०. त्यात ४.३ बसते, आणि पट्टाच पाहणारा तपासनीस पुढे जातो. पण जॉब मिक्समध्ये ठरलेला आकडा ६.२ होता आणि वरच्या थराला सवलत दीड टक्क्याची, म्हणजे ४.७ ते ७.७. माल पट्ट्यात आहे, सवलतीत नाही. कमतरता १.९ टक्क्यांची, आणि चुना होता २ टक्के. वरच्या चाळण्यांचे आकडे सगळे जागच्या जागी होते. डस्टचा बिन कमी सुटत असता तर २.३६ आणि ०.६ मिमीच्या चाळण्यांवरही फरक दिसला असता.

पाण्याची परीक्षा

मार्शल चाचणीत मोल्ड अर्धा तास पाण्यात असतो, पण ती पाण्याची परीक्षा नव्हे. तिथे पाणी फक्त ऊब पोचवते. खडी आणि डांबर यांच्या मधे पाणी शिरते का, हे टीएसआर सांगते, आणि ती रोज होत नाही. डिझाइनला एकदा होते, पुढे खडीचा स्रोत किंवा गुण बदलला तर. त्यामुळे चुना बंद पडल्याचे रोजच्या चाचण्यांतून थेट कळायची सोय नव्हती.

बेसॉल्ट डांबर चांगला धरतो ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे. ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या मानाने तो बराच सोसतो. पण सगळा काळा दगड एकसारखा नसतो. लाव्हाच्या काही थरांत वायूचे फुगे राहून पुढे त्यांत झिओलाइटसारखी खनिजे भरली गेली आहेत. असा ठिपक्यांचा दगड जास्त पाणी पितो. दोन थरांच्या मधे कुठे तांबडी माती असते, खाणीच्या माथ्यावर काळी माती असते, आणि ती भेगांतून उतरून क्रशरच्या डस्टमध्ये येते. आयएस ६२४१ ची चाचणी, जिच्यात खडी डांबरात घोळून ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात, स्वच्छ जाड खडीवर होते. डस्टमधली माती तिला दिसतच नाही. या कामावर त्या चाचणीत ९५ टक्क्यांहून जास्त आवरण टिकले होते.

टीएसआरसाठी आशटो टी २८३ या अमेरिकी पद्धतीप्रमाणे सहा मोल्ड केले. यांची पोकळी ४ नव्हे तर ६.५ ते ७.५ टक्के हवी, रस्त्यावर रोलर फिरल्यानंतर राहते साधारण तशी. ७५ ठोक्यांनी ती मिळत नाही. आधी दोन-तीन मोल्ड वेगवेगळ्या ठोक्यांनी करून पाहावे लागतात. नेहमीचे ७५ ठोके देऊन केलेल्या मोल्डवर टीएसआर काढली की ती छान येते, कारण पाण्याला आत जायला वाटच नसते. अहवालात पोकळीचा आकडा नसेल तर ती टीएसआर धरू नये.

तीन मोल्ड कोरडे ठेवले. तीन निर्वात पात्रात पाण्याखाली ठेवून हवा काढली. इथे मोजमाप हवे. मोल्डचे घनफळ ५१९ घनसेंमी, ७ टक्के पोकळी म्हणजे ३६.३ घनसेंमी, तिच्या ७० ते ८० टक्के पाणी भरायचे, म्हणजे मोल्डचे वजन २५.४ ते २९ ग्रॅमने वाढले पाहिजे. कमी वाढले तर पुन्हा निर्वात करता येते. ८० च्या वर गेले तर तो मोल्ड टाकून द्यायचा, कारण आतली वीण आधीच बिघडलेली असते. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पिशवीत १० मिलिलिटर पाणी घालून उणे १८ अंशांत किमान १६ तास. त्यानंतर ६० अंशांच्या पाण्यात २४ तास. शेवटी कोरड्या मोल्डसकट सगळे २५ अंशांवर दोन तास.

सोलापुरात बर्फ कधी पडला, असा प्रश्न फ्रीझरच्या टप्प्यावर दर वेळी येतो. बर्फाची नक्कल हा हेतूच नाही. अडकलेले पाणी फुगते तेव्हा डांबराच्या पापुद्र्यावर आतून दाब येतो. ओल्या रस्त्यावरून भरलेली ट्रॉली गेली की पोकळीतल्या पाण्याचा असाच दाब हजारदा बसतो.

मोल्ड आडवा ठेवून १२.७ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्यांमध्ये, मिनिटाला ५० मिमी वेगाने दाबायचा. तो उभ्या रेषेत दुभंगतो. ताण म्हणजे भाराची दुप्पट, भागिले पाय (π) गुणिले उंची गुणिले व्यास. पहिल्या कोरड्या मोल्डने ९.४ किलोन्यूटन भार घेतला, उंची ६४ मिमी: १८,८०० भागिले २०,४२८, म्हणजे ०.९२ मेगापास्कल. कोरड्यांची सरासरी ०.९२, भिजवलेल्यांची ०.६२. टीएसआर ६७ टक्के. अट ८० ची.

आकड्याइतकेच फुटलेल्या तोंडांनीही सांगितले. कोरडे मोल्ड आतून एकसारखे काळे. भिजवलेल्यांच्या आत ६ मिमी खडी करडी, उघडी, आणि तिच्याभोवती डस्टचा मळकट लेप.

चुना कुठे अडला

प्लांटवरच्या ऑपरेटरचे म्हणणे, "चुन्याची मोटर फिरतीय की ओ साहेब, पॅनेलवर हिरवा दिवा हाय." दिवा हिरवाच होता. तो स्क्रू फिरतो एवढेच सांगत होता. स्क्रूमध्ये चुना आहे की हवा, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. गोण्या सप्टेंबरात ताडपत्रीखाली जमिनीवरच होत्या. ओल लागून चुना गोळा झाला, हॉपरमध्ये तोंडावर त्याने कमान धरली, आणि खाली स्क्रू रिकामा फिरत राहिला.

किती माल चुन्याशिवाय गेला, हे प्रयोगशाळेतून नव्हे, गोदामाच्या वहीतून निघाले. १०० टन मिश्रणात खडी ९४.८ टन, तिच्या २ टक्के म्हणजे १.९ टन चुना. २५ किलोच्या साधारण ७६ गोण्या. तोवर ६४० टन माल निघाला होता, त्याला ४८५ गोण्या लागायला हव्या होत्या. फोडलेल्या निघाल्या ३२०, आणि आठएक गोण्यांचा चुना हॉपरात गोळा होऊन बसलेला. मिश्रणात गेल्या ३१२. एवढ्यात ४११ टनच होतात. उरले २२९ टन.

दोन टक्के भुकटीने एवढा फरक का पडतो? चुन्यातले कॅल्शियम डांबरातल्या आम्लधर्मी घटकांशी संयोग पावते आणि दगडाच्या अंगावर पाण्यात न विरघळणारे क्षार तयार होतात. एरवी तेच घटक दगडाला चिकटतात आणि पाणी आले की सुटतात. मातकट डस्टचा उपद्रवही चुना कमी करतो. शिवाय बारीक भुकटी डांबरात मिसळून लगदा ताठ करते. स्टॅबिलिटीतले सव्वादोन किलोन्यूटन प्रामुख्याने या ताठरपणाचे. म्हणून बाजारातली आखणीची कसलीही फक्की आणून चालत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण तपासलेला चुनाच लागतो.

हॉपरला व्हायब्रेटर बसवला, चुना कोरड्या लाकडी फळ्यांवर रचला. पुन्हा मोल्ड: स्टॅबिलिटी १२.७, फ्लो ३.१, कोरडा ताण ०.९६, भिजवून ०.८३, टीएसआर ८६. भुकटी ६.० टक्के.

टाकून झालेला रस्ता

२२९ टनांचा माल ४० मिमी जाडीने सुमारे ४२५ मीटर लांबीत पडला होता. तिथून १५० मिमी व्यासाचे पाच कोअर, म्हणजे थर कापून घेतलेले गोल नमुने, काढले. जीएमएमच्या तुलनेत घनता ९२.८, ९३.४, ९१.१, ९२.६ आणि ९०.७ टक्के, अट ९२ ची. कमी भरलेले दोन्ही कोअर संध्याकाळी उशिरा पडलेल्या शेवटच्या तुकड्यातले.

कंत्राटदाराचा प्रस्ताव होता वरून डांबराचा पातळ थर, सील कोट, मारून देण्याचा. सील कोटने वरून पाणी अडते हे खरे. पण या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती आहे, साइडपट्ट्या उंच आहेत, पाणी कडेने शिरून बराच काळ मुरते. शिवाय शेवटच्या तुकड्यात ९ टक्क्यांच्या आसपास पोकळी आणि आत चुना नाही, हे दोन्ही दोष एका जागी आले होते. अट पुरी केलेल्या तीन कोअरच्या भागापुरता सील कोट विचारात घेण्याजोगा होता, असे म्हणता येईल. पण तिथेही ६७ टक्क्यांची टीएसआर सुधारणार नव्हती. ४२५ मीटर मिलिंग मशीनने खरवडून काढले, निघालेला माल साइडपट्टीत दाबला आणि थर पुन्हा टाकला.

नोंदवहीत चार रकाने वाढले: मोल्ड ठोकताना मालाचे तापमान, मोल्डचे घनफळ व गुणक, त्या दिवसाचा जीएमएम, आणि मार्शलशी ज्याचा काही संबंध दिसत नाही असा चौथा, आज फोडलेल्या चुन्याच्या गोण्या. पुन्हा टाकलेल्या थराच्या पहिल्या दिवशी त्यात १७४ लिहिलेले आहे, २२९ टनांना.